न सरणारा ठेवा

 

बचत गटात आपण दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये बाजूला काढतो. त्या पैशाची नवी चप्पल आली असती, पोरांना खाऊ आला असता. तरी आपण तो मोह आवरतो, कारण ठेव अडीअडचणीला उपयोगी पडते हे आपल्याला पटलेलं असतं. आज मी अशाच एका ठेवीबद्दल बोलणार आहे. ही ठेव पासबुकात दिसत नाही. मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्याकडे श्रद्धेला ठेवा म्हणतात. चार दिवसांचं सुख आणि ही श्रद्धा यांत एक निवडायची वेळ आली, तर काय धरायचं आणि काय सोडायचं? नुसता उपदेश करण्यापेक्षा मी तुम्हाला पंडिता रमाबाईंबद्दल सांगते.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. पुढे दुष्काळ पडला. आई, वडील, थोरली बहीण, एकामागून एक गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी देश फिरत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पोटाला अन्न नसलेल्या पोरीला केवढा हा मान! मग भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पतीही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. इथंही मोठमोठ्या माणसांनी त्यांना मान दिला.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथं जोगिणींचं एक काम त्यांनी पाहिलं. समाजानं वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना या जोगिणी मायेनं सांभाळत होत्या. 'तुम्ही हे का करता?' असं रमाबाईंनी विचारलं. तेव्हा एका जोगिणीनं त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाण्याला आलेली ती बाई, गावानं नावं ठेवलेली. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माबद्दल बोलतो. बाईला तुच्छ न मानणारा हा देव रमाबाईंच्या मनात बसला. त्याच वर्षी त्यांनी वॉन्टेज गावी बाप्तिस्मा घेतला. म्हणून डोळे झाकून त्यांनी सगळंच मान्य केलं असं नाही. पटल्याशिवाय मानणार नाही म्हणून त्या तिथल्या धर्मगुरूंशीही वाद घालत राहिल्या.

या श्रद्धेची किंमत त्यांना द्यावी लागली. काल ज्यांनी डोक्यावर घेतलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी पाठ फिरवली. तरी 1889 साली त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं, ते पुढे पुण्याला नेलं. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी गोदूबाई याच शाळेत शिकल्या. 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. रमाबाई मुलींना ख्रिस्ती करतात, दिलेला शब्द मोडतात, असा आरोप झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की, मी कुणावर सक्ती करत नाही. माझ्या खोलीत मी प्रार्थना करते, दार उघडं असतं, ज्या मुलीला यावंसं वाटेल ती येते. दार लावून घेतलं असतं तर गेलेला मान कदाचित परत मिळाला असता. त्यांनी दार लावलं नाही.

मैत्रिणींनो, सुख म्हटलं की आपल्याला दागिने, कपडे, खाणंपिणं आठवतं. पण ते सोडणं त्या मानानं सोपं असतं. चार लोकांनी चांगलं म्हणावं, हे सुख सोडणं अवघड. रमाबाईंनी ते सोडलं.

बायबलात मोशेची गोष्ट आहे. फारोच्या मुलीचा मुलगा म्हणून तो राजवाड्यात वाढला. पण त्याची माणसं उन्हात विटा पाडत होती. राजवाड्यातलं सुख थोड्या दिवसांचं, हे ओळखून तो त्या राबणाऱ्यांच्या बाजूला गेला. त्याची श्रद्धा त्याला जगापासून दूर घेऊन गेली नाही, उलट दुःखी माणसांजवळ घेऊन गेली.

रमाबाईंचंही तसंच. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. 1900 च्या सुमाराला तिथं दीड हजारांच्या आसपास बायका-मुली राहत होत्या. विहिरी खोदल्या, शेती केली, माग चालवले, तेलघाणा आणि छापखाना घातला. अंध मुलींनाही बोटांनी वाचायला शिकवलं. आज आपण ज्याला स्वयंरोजगार म्हणतो तेच हे. स्वतः रमाबाई साधी पांढरी साडी नेसत. ग्रीक आणि हिब्रू शिकून त्यांनी सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. 1921 साली मनोरमा गेली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. 1907 साली त्यांनी आपल्या श्रद्धेविषयी इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या नावातच 'न सरणारा ठेवा' अशा अर्थाचे शब्द आहेत.

आता आपल्याकडे या. गटाचं काम करताना कर्जाची कारणं माझ्या कानावर येतात. बी-बियाणं, दवाखाना, शाळेची फी. आणि लग्न. नाताळ असो, दिवाळी असो, जत्रा असो, हौस करू नये असं मी म्हणणार नाही. येशूसुद्धा काना गावच्या लग्नाला गेला होता. पण मांडव एक दिवसाचा आणि हप्ते तीन वर्षांचे, हे गणित कुणासाठी?

आमच्या एका ताईंच्या सतरा वर्षांच्या मुलीला मोठ्या घरचं स्थळ आलं. भावकी म्हणाली, गावात नाव होईल. ताई म्हणाल्या, "देवानं लेकरू माझ्या हाती सोपवलंय, नाव काढायला नाही." भावकी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही. पोरगी मात्र बारावीला बसली आहे.

तुमचा देव कुठलाही असो, माझा आग्रह नाही. पण गटाच्या पुढच्या बैठकीत कर्जाचा ठराव करताना एकमेकींना एवढं विचारा. हे मी कशासाठी घेते आहे? लोकांनी पाहावं म्हणून की घराला लागतं म्हणून? आणि कुणी मैत्रीण लोकांच्या बोलण्याला न जुमानता बरोबर वागली असेल, तर त्या दिवशी तिच्या शेजारी जाऊन बसा. अशा वेळी माणूस फार एकटं पडतं.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.