पटकीचे विष आणि शंभुनाथ डे
पटकीचे जंतू दूषित पाण्यातून पोटात शिरतात. जठरातील आम्लात बहुतेक मरतात. उरलेले लहान आतड्यातील श्लेष्मा भेदून सूक्ष्म तंतूंनी अस्तराला चिकटतात आणि तेथेच वाढतात. पेशींत न शिरता ते विष सोडतात. शरीरातील पाणी व क्षार वाहून जातात आणि रुग्ण काही तासांत दगावू शकतो.

या विषाचे अस्तित्व १९५९ मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशांवरील प्रयोगांतून सिद्ध केले. मात्र साखरेसोबत मीठ शोषण्याची आतड्याची शक्ती पटकीतही शाबूत राहते. म्हणूनच १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने असंख्य प्राण वाचवले.

ही नावे घराघरांत पोहोचावीत; आणि जुलाब लागलेल्याचे पाणी कोणत्याही घरात तोडले जाऊ नये.