फोटोमागचे शब्द

दिंडीचे जुने फोटो स्कॅन करून आम्ही संकेतस्थळावर चढवले, तेव्हा डायल-अप होतं. मोठा फोटो उघडायला मिनिटं लागायची, म्हणून आधी छोटी प्रत ठेवली. आमचे पखवाजी बुवा दृष्टिहीन. म्हणाले, ‘‘मला काय दाखवणार?’’ लाज वाटली. 1999च्या वेब-सुलभतेच्या नियमांत पहिलाच नियम, चित्राला शब्दांचा पर्याय द्या. मग प्रत्येक फोटोमागे लिहिलं. फोटो येईपर्यंत संथ लाइनवाल्यांनाही तेच शब्द दिसायचे. नातवानं बुवांना वाचून दाखवलं, ‘‘पुढे पताका, मध्ये टाळकरी, मागे तुळस.’’ बुवा म्हणाले, ‘‘अरे, वीणा राहिली की!’’ फोटोत वीणा होती; आमच्याच नजरेतून सुटली होती. दुरुस्त केलं. दिंडीत कुणी मागं राहू नये, तसं तिथंही. राम कृष्ण हरी!