माघार घ्यायची, पण कुठल्या शब्दाने?

मराठीत ‘माघार’ म्हटलं की काम भागतं. इंग्रजीत नाही भागत.

१८१२ मध्ये नेपोलियन मॉस्कोहून परतला, ते ‘रिट्रीट’. म्हणजे रेटा आला म्हणून मागे हटणं. २०२१ मध्ये अमेरिकेने अफगाणिस्तानातून सैन्य काढलं, तेव्हा सरकारी शब्द होता ‘विथड्रॉअल’. म्हणजे आम्ही ठरवलं, आम्ही निघालो! (टीकाकारांना अर्थातच ‘रिट्रीट’ आवडला.)

आता तुमच्या कामाचं. समजा, ऑफर स्वीकारलीत आणि मग दुसरीकडून जास्त पगाराची आली. एचआरला ‘आय ॲम बॅकिंग आउट’ असं लिहू नका. त्यात शब्द फिरवल्याचा वास येतो. मुळात फिरवलेला असतोच, पण मेलमध्ये ते ओरडून कशाला सांगायचं? ‘आय विश टू विथड्रॉ माय ॲक्सेप्टन्स’ लिहा, खाली एका ओळीत दिलगिरी. इथे ‘रिट्रीट’ चालणारच नाही. माणूस रिट्रीट होतो, अर्ज नाही.

‘बॅक डाउन’ वेगळं, ते भांडणात नमतं घेणं.

आणि हो, भूतकाळात ‘विथड्र्यू’. ‘विथड्रॉड’ नाही, एटीएममधून पैसे काढलेत तरी नाही!