नाव घातलेला तांब्या



जयपूरच्या राजवाड्यात चांदीच्या दोन प्रचंड गंगाजळी आम्ही पाहिल्या. एकेकीचे वजन सुमारे ३४५ किलो. १९०२ साली महाराज सवाई माधोसिंह (दुसरे) सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकास विलायतेला गेले, ते अशा पात्रांतून गंगाजल घेऊन. १९४९ साली संस्थान विलीन झाले. पात्रे मात्र राजवाड्यातच राहिली.

आपणही गाव सोडताना एखादा तांब्या बरोबर आणला. त्यावर आजीचे नाव घातलेले, खाली लग्नाचे साल. आजीकडून आईकडे, आईकडून सुनेकडे तो आला. परंतु ती अक्षरे आपल्या नातवंडांना वाचता येतील काय? न आल्यास तांब्या घरात असूनही परका झाला. मंडळाच्या मराठी वर्गाचे प्रयोजन आम्ही एवढेच मानतो.