ठणका थांबला, पण रोग थांबला का?

श्रोतेहो, दाढ ठणकू लागते ती बहुधा रात्रीच. जिंतूर-सेलूकडच्या एखाद्या वाडीवर त्या वेळी ना डॉक्टर, ना परभणीला जायला एसटी. मग घरातली आजी डब्यातली लवंग शोधू लागते. तिचं चुकतं का? मुळीच नाही. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते. ते थोडा वेळ दुखरी जागा बधिर करते. कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब घ्या, दाताला टेकवा आणि बोळा काढून टाका. जास्त लावाल तर हिरडी भाजेल. लहान लेकरांना तर हे तेल लावूच नका.

त्याहून साधा उपाय मिठाचा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरा. अडकलेला घास निघतो, हिरडीला आराम पडतो.

पण आपल्याकडे आणखी एक 'उपाय' सांगतात : मिश्री! "दाढ दुखते? जरा मिश्री लाव," असं म्हणत शेजारीण डबी पुढे करते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की! दाढ राहते बाजूला आणि जन्माची सवय जडते. हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळते. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पण मिश्री घरच्या तव्यावरच भाजली जाते. तिला घरातल्यांनीच अडवायला हवे.

आता मुख्य गोष्ट. कीड आतल्या नसेपर्यंत पोचून नस मेली, की ठणका आपोआप थांबतो. आपण म्हणतो, 'बरं झालं!' पण मुळाशी पू साठतच असतो. म्हणून लवंग-मीठ रात्र काढण्यापुरते. दुखणे थांबले तरी दात डॉक्टरांना दाखवाच. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना वा श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा. तोंडातला चट्टा किंवा फोड दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तोही दाखवा.

गुरुजनहो, एवढ्या चार खुणा वर्गात फळ्यावर लिहा. लेकरं त्या घरी जाऊन आजीला वाचून दाखवतील.