शंकूच्या नावाची दोन झाडं



शंकू हा शब्द आपण भूमितीच्या तासाला शिकतो आणि बहुधा शाळेतच ठेवून येतो. झाडांच्या नावांत मात्र तो जगभर फिरला आहे. देवदार, चीड यांच्या गटाला इंग्रजीत 'कोनिफर', म्हणजे शंकू धरणारी झाडं, म्हणतात. ती थंड डोंगरांतली. आमच्या पंढरपूरच्या उन्हाशी त्यांचं जमायचं नाही.

पण शंकूच्याच नावाचं एक झाड आता गावोगावच्या दुभाजकांत आणि कुंपणांत दिसतं. त्याचं नाव कोनोकार्पस. ग्रीक भाषेत 'कोनोस' म्हणजे शंकू, 'कार्पोस' म्हणजे फळ. त्याची बारीक फळं गोळा होऊन इवल्या शंकूसारखा गेंद होतो. हे झाड मूळचं सोमालिया-येमेनकडचं. तिथं ते कोरड्या ओढ्यांच्या काठी वाढतं, त्याच्या लाकडाची गलबतं होतात. आपल्याकडं ते आलं, कारण ते भराभर वाढतं आणि भर उन्हाळ्यातही हिरवंगार राहतं. गुजरातच्या वनखात्यानं मात्र २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांमुळं सर्दी, खोकला, दमा होतो आणि मुळं जमिनीखालच्या तारा, नळ, गटारं बिघडवतात, ही कारणं दिली.

यात झाडाचा दोष नाही. ते आपल्या मुलखात गुणाचंच आहे. दोष आहे तो नाव-गाव न विचारता लावणाऱ्या हातांचा.

आता गंमत पाहा. आपल्या धावड्यालाही वनस्पतिशास्त्रात पूर्वी कोनोकार्पसच म्हणत. ते परदेशी झाड 'लॅन्सिफोलियस', म्हणजे भाल्यासारख्या पानांचं. आपला धावडा 'लॅटिफोलियस', म्हणजे रुंद पानांचा. पुढं धावड्याचं शास्त्रीय नाव बदललं, पण कूळ एकच राहिलं. पांढुरक्या सालीचा हा धावडा सह्याद्रीत, सातपुड्यात भेटतो. त्याच्या चिवट लाकडाचे कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीचे आस होत. आणि बाळंतिणीच्या लाडवांत पडतो तो धावड्याचा डिंक! म्हणजे या घराण्याची चव आपण जन्मापासून ओळखतो. झाड मात्र ओळखत नाही.

धावडा उन्हाळ्यात पानं गाळतो. ज्यांना बारा महिने हिरवा रंग हवा, त्यांना तो आवडणार नाही. पण हिरवा रंग आणि सावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आषाढीला शेकडो मैल चालून येणाऱ्या वारकऱ्याला छाटलेल्या कुंपणाखाली बसता येत नाही. त्याला वड लागतो, लिंब लागतो, चिंच लागते. पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. अशा रस्त्यांकडेला आज आपण काय लावतो, त्यावर पुढच्या पिढ्यांची सावली ठरणार आहे.

म्हणून एवढंच सांगतो. यंदा पावसाळ्यात रोप घ्याल, तेव्हा रोपवाटिकेत किंमत विचारण्याआधी नाव विचारा. वाटेवर सावलीचं झाड लावा, आणि गावाबाहेर डोंगरउताराची जागा असेल तर एक धावडाही लावून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)