दिव्यांगांचं खातं आलं, खुर्ची कुठंय?

खारदांड्यातून बोलतोय. मागे होडीच्या इंजिनाचा आवाज आला तर समजून घ्या, खिडकी बंद केली की गुदमरायला होतं.

आजचा विषय थोडा सरकारी आहे, पण पुढे ढकलू नका. प्रश्न साधा आहे: महाराष्ट्रात दिव्यांगांसाठीचं धोरण ठरतं, तेव्हा त्या खोलीत दिव्यांग माणूस बसलेला असतो का?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर स्वतंत्र खातं आहे! आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. त्याआधी हा विषय सामाजिक न्याय विभागाच्या एका कोपऱ्यात होता. शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, निराधारांच्या योजना, आणि त्या रांगेत शेवटी दिव्यांग. बच्चू कडूंनी स्वतंत्र खात्यासाठी बरीच वर्षं आवाज उठवला. त्यांच्या बाकीच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, याचं श्रेय त्यांना द्यावं लागतं.

आता खात्याने फरक काय पडतो? मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझ्या भाषेत सांगतो. ज्या तिकिटाला मालक नसतो ते सगळ्यांच्या बोर्डावर दिसतं आणि कुणीच उघडत नाही. दिव्यांगांचं तिकीट असंच आहे. सर्टिफिकेट देणार आरोग्य विभागाचं हॉस्पिटल. संजय गांधी निराधार योजनेची फाईल तहसीलदाराकडे. फुटपाथ महापालिकेचा. लोकलचा दिव्यांग डबा रेल्वेचा. प्रत्येक जण खरंच म्हणू शकतो की 'हे आमच्याकडे येत नाही'. म्हणून एक मालक हवा होता. तो मिळाला, चांगलं झालं.

आणि मालक राज्याचाच हवा. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत नववी नोंद आहे: अपंग आणि रोजगारास अपात्र अशा लोकांना साहाय्य. म्हणजे जबाबदारी मुंबईतल्या मंत्रालयाची, फक्त दिल्लीची नाही. ही दोन माणसं एकाच ओळीत का बसवली, हा प्रश्न मला ती नोंद वाचल्यापासून छळतोय. व्हीलचेअरवरचा माणूस आणि 'रोजगारास अपात्र' माणूस, जणू एकच.

पण खातं म्हणजे प्रतिनिधित्व नाही. खात्यात सचिव येतात, बदलून जातात. दिव्यांगांचं म्हणणं कायमस्वरूपी ऐकणारी जागा वेगळी असते, आणि ती कायद्याने आधीच दिलेली आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व होतं, याच्यात २१ आहेत. ह्याच कायद्याचं कलम ६६ सांगतं की प्रत्येक राज्यात एक राज्य सल्लागार मंडळ हवं. अध्यक्ष खात्याचे मंत्री. सदस्यांत संस्था-संघटनांचे दहा जण, शक्यतो स्वतः दिव्यांग, त्यातल्या किमान पाच बायका. दर सहा महिन्यांत निदान एक बैठक. मंत्र्यासमोर बसून 'साहेब, हा नियम चुकलाय' म्हणण्याची ही जागा.

मग महाराष्ट्रात हे मंडळ काय करत होतं? ही गोष्ट कळली ती चक्क फुटपाथमुळे. २०२३ मध्ये शिवाजी पार्कच्या एका व्हीलचेअर वापरणाऱ्या रहिवाशाने मुंबई हायकोर्टाला ईमेल केला. फुटपाथवर बाइक चढू नये म्हणून महापालिका जे खांब ठोकते ना, बोलार्ड, त्यांच्यातून व्हीलचेअर जातच नाही. कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. सुनावणी पुढे गेली, आणि २०२४ मध्ये कोर्टासमोर आलं की सल्लागार मंडळ २०१८ मध्ये स्थापन झालं खरं, पण २०२० पासून बंद पडलंय. कारण? बिनसरकारी सदस्यांच्या जागा रिकाम्या! कोर्टाने सरकारला चांगलंच सुनावलं.

तारखा लावून बघा. मंडळ २०२० ला झोपलं. खातं २०२२ ला जन्मलं. म्हणजे मोठा गाजावाजा करून नवीन खातं उघडलं, त्या दिवशी दिव्यांगांच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. मला हे मुद्दाम केलेलं वाटत नाही. कुणाच्या लक्षातच आलं नसेल, आणि तेच जास्त वाईट आहे. त्या खुर्च्या भरलेल्या असत्या तर बोलार्डचा विषय एका बैठकीत आला असता. हायकोर्टाच्या न्यायाधीशांना दोन खांबांमधलं अंतर बघत बसावं लागलं नसतं.

आमच्या दांड्यात या. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून टोपली घेऊन मावशी आली तर आपण भिंतीला चिकटतो. वरच्या खोलीला बाहेरून उभी लोखंडी शिडी. आमच्या गल्लीतले एक काका आयुष्यभर होडीवर गेले, मग साखरेने पाय गेला. आता ते वरच्या खोलीत असतात. असतात म्हणजे असतातच, खाली येत नाहीत. सर्टिफिकेटसाठी दोघांनी खुर्चीत बसवून उतरवलं, तर हॉस्पिटलमध्ये सांगितलं की आज डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या. काकी म्हणाली, 'ह्यांना काय, तारीख बदलली. आम्हाला परत चार माणसं शोधायची.' घरी येऊन तपासणी करायची का, हा धोरणाचा प्रश्न आहे. शिडीवरून कधी न उतरलेल्या माणसाला तो सुचणार कसा?

डिजिटलचंही तेच. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायकांना केवायसीच्या ॲपवर डोळे मिचकावता येईनात, म्हणून बँकेचं काम अडलं. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते फीचर लिहिणारी पोरं आपल्यासारखीच असणार. वाईट नव्हती, टेस्टिंगला तसा माणूसच नव्हता.

दुसरीकडे तमिळनाडूने २०२५ मध्ये कायदा बदलला. ग्रामपंचायतीपासून शहरांपर्यंत स्थानिक संस्थांवर दिव्यांगांची नेमणूक करायची, एकूण तेरा हजारांच्या वर जागा. नेमणुकीत पक्षाची माणसं घुसतील? घुसतील की. आपल्याकडचे स्वीकृत नगरसेवक बघा. तरी मला ते रिकाम्या खुर्चीपेक्षा बरं वाटतं, कारण बसलेल्या माणसाला जाब विचारता येतो. आपल्या स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे. तो पैसा कशावर जातो हे विचारणारं माणूस सभागृहातच असेल तर?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले होते. तेव्हा यादी जुनी, छोटी होती.

तर मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय, ऑनलाइन, दहा रुपये फी. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून एवढंच विचारलंय: सल्लागार मंडळाच्या शेवटच्या दोन बैठका कधी झाल्या, दिव्यांग सदस्य किती हजर होते, आणि इतिवृत्ताची प्रत. मसुदा खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकलाय, तुमच्या महापालिकेच्या ५ टक्क्यांसाठी थोडा बदलून वापरा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. आलं की इथेच वाचून दाखवतो.